दाराबाहेर गेलेला सॅक्सोफोन

मी एक जुना सॅक्सोफोन आहे, मित्रांनो, आणि एका जागी राहणं मला कधीच जमलं नाही. पितळेचा पत्रा ठोकून, वाकवून मला घडवलं, तेव्हाच ही चुळबुळ अंगात शिरली असावी. उरलेली थॅडियस पिकेटने भरली.

थॅड अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरातल्या फिफ्थ वॉर्ड या वस्तीतला. ऱ्हिदम अँड ब्लूज हे ठेक्यावर डोलायला लावणारं संगीत वाजवायचा, पण एका जागी उभा राहून नाही. गाणं रंगलं की मला छातीशी धरून तो बारच्या लांबलचक टेबलावर चढायचा आणि ग्लासांमधून चालत सुटायचा.

"थॅड, माझा ग्लास सांडशील!" एखादं गिऱ्हाईक ओरडायचं.

"मग पिऊन टाक ना! जपतोस कशाला?"

टेबल संपलं की दार, दाराबाहेर रस्ता. आम्ही वाजवत वाजवत कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या दुकानापर्यंत जायचो. आत ड्रमवाला रूफस आम्ही परत येईपर्यंत तोच ठेका धरून बसायचा. लोक वेडे व्हायचे. घरी थॅडची मुलगी वर्नेल ताट झाकून वाट पाहायची. तिथे ठेका धरायला कुणी नव्हतं.

पुढे थॅडचा श्वास अपुरा पडू लागला. सहा वर्षं मी पलंगाखाली पेटीत होतो. माझ्या भोकांवरच्या चामड्याच्या गाद्या सुकून कडक झाल्या. वर तो कूस बदलायचा, ते ऐकू यायचं.

गेल्या शनिवारी त्याला निरोप द्यायला सगळे चर्चमध्ये जमले. वर्नेलने मला पुसलं आणि शवपेटीत त्याच्या कुशीत ठेवलं.

"असू दे त्याच्यापाशी. आयुष्यभर हाच तर होता."

मी घाबरलो. झाकण पडलं की संपलंच.

म्हातारा रूफस काठी टेकत आला. "पोरी, तुझा बाप बाहेर गेला की मी ठेका सोडायचो नाही. एकदा माझे हात गळायची वेळ आली, आणि हा पठ्ठ्या तिकडून दाढी करून आला!"

वर्नेल हसली. बऱ्याच दिवसांनी.

"आताही सोडणार नाही," रूफस म्हणाला. "पण दारातून कुणीतरी आत यायला हवं ना?"

"मला वाजवता येत नाही, रूफसकाका."

"वाजव कोण म्हणतंय? त्याला आत आण."

तो बाकावर बोटांनी ठेका धरून बसला. वर्नेलने मला उचललं, दाराबाहेर नेलं. मी जिच्या थरथरण्याने वाजतो ती फुंकणीवरची वेताची पट्टी, बाप भिजवायचा तशीच तोंडात धरून भिजवली. मग वळली आणि फुंकत आत आली. अर्धी हवा निसटली. घोगरा, वेडावाकडा एकच सूर निघाला. पण ठेक्यावर निघाला. शवपेटीचं झाकण माझ्याशिवायच पडलं.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादं वाद्य गप्प पडलं असेल, तर नुसतं पुसून ठेवू नका. वेडंवाकडं का होईना, वाजवा. आत कुणीतरी अजून ठेका धरून बसलेलं असतं.