पण लावायचा नाही

"मी हरलो तर दुकानाच्या दारात तो फुग्याच्या बाह्यांचा झगा टांगलाय ना, तो घालून दिवसभर मशीनवर बसेन," शिंपी मास्तर म्हणाले. "पोरं शिट्ट्या मारोत नाहीतर दगड. पण ती वेळ यायची नाही, सिस्टर. तुमची जीभ रविवारपर्यंत गप्प बसली, तर मी सुईऐवजी कुदळीनं शिवीन."

गुरुवारची सकाळ, साडेसहा वाजलेले. जिन्याखाली सहा-सात जण जमले होते. सिस्टरनं नुकताच दूधवाल्याचा पाणउतारा केला होता. त्याआधी जिन्यात सायकल लावणाऱ्या कारकुनाचा केला होता आणि मधल्या वेळात कोणी सापडलं नाही म्हणून गळक्या नळाचा. मोठ्या दवाखान्यात पुरुषांच्या वॉर्डात सव्वीस वर्षं नर्स. तोंडावर सिस्टर, पाठीमागे तोफ. राग कायम नाकावर, आणि चर्चमधली रविवारची उपासना कधी चुकवायची नाही. यावर कोणी बोललंच तर तिचं उत्तर तयार असायचं. "प्रभूनं दुसरा गाल पुढे करायला सांगितलंय. तिसऱ्याबद्दल काही सांगितलेलं नाही."

"आणि मी हरले तर?" तिनं विचारलं.

मास्तरांनी ओठांतली टाचणी काढून कॉलरला खोचली. "तर सोमवारी संध्याकाळी सहा ते सात माझ्या दुकानाच्या पायरीवर उभं राहायचं. जो समोरून जाईल त्याला म्हणायचं, 'माझं चुकलं.' एवढंच. पुढे 'पण' लावायचा नाही. 'माझं चुकलं, पण तुम्हीसुद्धा काही कमी नाही' असलं चालणार नाही."

हशा झाला, कारण हे दोन शब्द तिच्या तोंडून त्या इमारतीत कोणी ऐकलेच नव्हते. दूधवाला म्हणाला, "मी त्या रस्त्यानं चार खेपा घालीन."

"हो, आणि चारही वेळा पाणीच घालाल," सिस्टर म्हणाली आणि पर्स उचलून निघाली. तेव्हा मास्तर हळूच तिच्याजवळ आले.

"थट्टा राहू द्या. चर्चच्या त्या सेक्रेटरीकडे चारदा गेलात आणि चारदा भांडून आलात. म्हातारा मागच्या खोलीत पडून आहे तो तुमच्या तोंडामुळे. एकदा गोड बोलून बघा की."

हे मात्र लागलं. सिस्टर जागीच थांबली.

"लागली पैज," ती म्हणाली. "रविवारची उपासना संपेपर्यंत आवाज चढवणार नाही. मास्तर, छातीचं माप घेऊन ठेवा."

म्हातारा म्हणजे तळमजल्यावरचे सुतारबाबा. चर्चमधले अठ्ठेचाळीस बाक त्यांच्या हातचे. चार वर्षांपूर्वी कमरेखालचं अंग गेलं. बायको त्याआधीच गेलेली, मूलबाळ नाही. ड्युटीवर जायच्या आधी सिस्टर रोज त्यांचं अंग पुसायची, चादर बदलायची, लघवीच्या नळीची पिशवी रिकामी करायची आणि त्यांना या कुशीवरून त्या कुशीवर वळवायची. चार वर्षांत पाठीवर एक जखम होऊ दिली नव्हती. "तुमचं नातं काय हो?" असं कोणी विचारलं की म्हणायची, "तुमचं काय जातंय?"

"गप्प बसायची पैज लावलीस म्हणे," त्या सकाळी बाबा म्हणाले. पाय गेले तरी कान तिखट होते.

"लावली."

"मास्तराला झगा दंडात घट्ट होईल बघ."

तिनं ओला टॉवेल पिळला. "बाबा, तो सेक्रेटरी पुन्हा तेच म्हणणार. पाळक घरी येऊन प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस देतात, मग चर्चमध्ये यायचा हट्ट कशाला?"

"एकट्यानं घेतलं की औषध घेतल्यासारखं वाटतं गं. सगळ्यांबरोबर घ्यायचंय. एकदाच. तिसऱ्या बाकावर बसून."

"एकदाच का? दर रविवारी."

"प्रभू करील सोय."

"प्रभू सोय करील आणि कंबर माझी मोडेल," ती म्हणाली. पण हळू आवाजात. पैज सुरू झाली होती.

संध्याकाळी ती चर्चच्या ऑफिसात गेली. कमिटीचा सेक्रेटरी म्हणजे पांढराशुभ्र शर्ट आणि लोण्यात घोळलेला आवाज. आधीच्या चारही भेटींत त्यानं एकदासुद्धा आवाज चढवला नव्हता. ओरडायची ती आणि बाहेर पडताना चुकलेली दिसायची तीच. हळू बोलणारा खरा आणि तडकणारा खोटा, ही जगाची रीत त्याला पक्की ठाऊक होती आणि त्या रीतीवरच त्याचं दुकान चालत होतं.

"साहेब, एक विनंती होती," सिस्टर म्हणाली.

सेक्रेटरीच्या हातातलं पेन थांबलं.

"पायऱ्या एकोणीस आहेत. चार माणसं मिळाली तर बाबांना खुर्चीसकट वर नेता येईल. या रविवारी."

"अहो सिस्टर, असं प्रेमानं सांगितल्यावर मंडळी नाही म्हणेल का? चार तरुण साडेनऊला तुमच्या दारात हजर. हे बघा, लिहूनच ठेवतो." आणि त्यानं खरंच लिहिलं.

बाहेर आल्यावर तिला आनंद व्हायला हवा होता. झाला संताप, तोही स्वतःचाच. चार वर्षांचं कुलूप, आणि किल्ली काय, तर थोडी साखर?

शुक्रवार आणि शनिवार कसे काढले ते तिचं तिला माहीत. वॉर्डात एका पेशंटच्या मेव्हण्यानं धुतलेल्या भांड्यात थुंकलं. ती चादरींच्या खोलीत गेली, एक उशी तोंडात धरली आणि दोन मिनिटांनी बाहेर आली. कारकुनानं मुद्दाम सायकल आडवी लावली, ती पाय उचलून पलीकडे गेली. दूधवाल्यानं निळसर दूध मापलं आणि हसत उभा राहिला. "ठेवा भाऊ," ती म्हणाली. तो इतका घाबरला की आणखी एक माप ओतून पळाला. शनिवारी संध्याकाळी मास्तर आरशासमोर झगा छातीला लावून बघत होते.

रविवारी सहापासून बाबा तयार होते. इस्त्रीचा शर्ट, विंचरलेले केस, धुतलेली पिशवी ब्लँकेटखाली झाकलेली. साडेनऊ झाले. पावणेदहा झाले. चार सोडाच, एकही तरुण फिरकला नाही. सिस्टर दारात उभी राहून रस्त्याकडे असं बघत होती की मांजरसुद्धा पलीकडून गेलं.

शेवटी मास्तरांनी दुकानाचं शटर ओढलं आणि चाकाच्या खुर्चीच्या मुठी धरल्या.

"तुम्ही कुठे?" ती म्हणाली.

"पैजेवर नजर ठेवायला. ऐनवेळी लबाडी कराल."

वीस वर्षं शेजारी राहून हा माणूस कधी चर्चच्या फाटकातून आत गेला नव्हता. आज गेला. पायऱ्यांच्या खाली खुर्ची थांबली. वर दारात सेक्रेटरी उभा होता, खिशाला फूल लावून. तिला बघितल्यावर तो लगबगीनं उतरला.

"सिस्टर, आज जरा अडचण आहे बरं का. मुख्य कार्यालयाचे पाहुणे आलेत. ती चार पोरं मीच गाड्या लावायला घेतली. आणि खरं सांगू का, ती पिशवी, तो वास... पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही. पुढच्या रविवारी नक्की. आज दुपारी पाळक घरी येतील. आम्ही रोज प्रार्थना करतोच की यांच्यासाठी." त्यानं तिच्या खांद्यावर थोपटलं आणि तो वर गेला. बाबांशी एक शब्द बोलला नाही.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं दात आवळले. एक तास, फक्त एक तास. मास्तर झग्यात बसणार होते.

बाबांनी सगळं ऐकलं होतं. ते ब्लँकेट पिशवीवर आणखी ओढून घेत होते. "चल पोरी, घरी जाऊ. माझ्यामुळे उगाच सगळ्यांना त्रास. माझंच चुकलं. असल्या अवस्थेत यायला नको होतं."

काही न केलेला माणूस माफी मागत होता. सिस्टरनं पर्स मास्तरांच्या हातात कोंबली आणि एकोणीस पायऱ्या चढून गेली.

आत सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. आजाऱ्यांसाठी प्रार्थना चालली होती. तरुण पाळक बारीक आवाजात म्हणत होते, "आणि हे प्रभू, आमचे वयोवृद्ध सुतारबंधू, जे आज अंथरुणावरून उठून तुझ्या घरी येऊ शकत नाहीत..."

"आलेत," सिस्टर म्हणाली.

सगळ्यांचे डोळे उघडले.

"आलेत ते. पायऱ्यांखाली बसलेत." इथपर्यंत आवाज ताब्यात होता. मग कोपऱ्यातून कोणीतरी सवयीनं 'आमेन' म्हणालं, आणि तोफ उडाली.

"आमेन म्हणू नका. आज कोणी आमेन म्हणायचं नाही. ज्याच्यावर बसलात ना, तो बाक त्यांनी घासलाय. तुमच्या बुडाला कुसळ टोचू नये म्हणून एकेक फळी हातानं चाचपून बघितलीय. आणि तुम्हाला त्यांचा वास येतो? मला रोज येतो. मेले का मी त्यानं? चार वर्षं प्रार्थना करताय. बाहेर पायऱ्या आहेत एकोणीस, आणि हात आहेत इथे दोनशे. देवानं काय करावं म्हणता? त्यानं खाली येऊन खुर्ची उचलावी? आला होता तो एकदा खाली. त्याचं काय केलं ते दर रविवारी वाचताच की."

पहिल्या बाकावर पाहुणे. त्यांच्यामागे सेक्रेटरी, दुखावलेल्या चेहऱ्यानं मान हलवत, पाहुण्यांना दिसेल अशी.

पाळकांनी पुस्तक मिटलं. अंगावरचा लांब झगा काढून खुर्चीवर टाकला आणि मधल्या वाटेनं, कोणाकडे न बघता, ते दाराबाहेर पडले. पाठोपाठ पेटी वाजवणारा उठला. मग पाहुण्यांमधला एक जाडा गृहस्थ, जो दहाव्या पायरीवर धापा टाकत म्हणाला, "थांबा, थांबा, म्हातारा नाही, मी पडेन." चौथा कोपरा मास्तरांनी धरला होता.

बाबा तिसऱ्या बाकावर बसले. त्यांनी हात बाकाखाली घातला आणि फळीच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले. मग सगळ्यांबरोबर त्यांनी प्रभुभोजन घेतलं. सगळ्यांबरोबर घोट गिळला. सिस्टर त्यांना कमरेला धरून बसली होती.

दाराशी उभ्या मास्तरांनी, हात कुठे ठेवावे ते न कळून, दोन्हींनी तिची पर्स धरली होती. ती बाहेर आल्यावर ते म्हणाले, "हरलात."

"माहितेय."

सोमवारी दुपारी पत्र आलं. उपासनेत व्यत्यय आणल्याबद्दल सिस्टरना रुग्णभेट गटाच्या कामातून मुक्त करण्यात येत आहे, लेखी माफी येईपर्यंत. खाली सेक्रेटरीची सही, सुवाच्य. ज्यांना भेटायला कोणीच येत नाही अशा पेशंटांपाशी दर रविवारी दुपारी जाऊन बसायचं, हे काम ती सतरा वर्षं करत होती. गटही तिनंच उभा केला होता. तिनं पत्राची चार वेळा घडी घातली. पाचवी पडेना.

"पैज रद्द," मास्तर म्हणाले. "मीच मागे घेतो. असल्या वेळी कसली थट्टा."

"तुम्ही हरला असतात तर झगा घातला असतात की नाही?"

"घातला असता."

"मग बाजूला व्हा."

सहाला ती पायरीवर उभी राहिली. बातमी आधीच पसरली होती. समोरच्या फुटपाथवर गर्दी, खिडक्यांतून माना. बाबांनाही हट्टानं बाहेर आणून पायरीशेजारी बसवलं होतं.

दूधवाला कबूल केल्याप्रमाणे पहिल्या खेपेला आला. "माझं चुकलं," सिस्टर म्हणाली.

तो हसायला लागला. पण ती हसली नाही, रागावलीही नाही, बघत राहिली. त्याचं हसू मावळलं. "नाही म्हणजे, पाणी मी घालतो थोडं," तो म्हणाला आणि उरलेल्या तीन खेपा त्यानं सोडून दिल्या. कारकून आला. "माझं चुकलं." "अहो, सायकल मी मुद्दामच..." तो पुटपुटला आणि कान लाल करून जिन्यात शिरला. समोरच्या फुटपाथवरचा हशा ओसरत गेला.

साडेसहाच्या सुमाराला कोपऱ्यावर ते चार तरुण दिसले, चर्चचे. पायरीवर कोण आहे ते त्यांनी बघितलं, एकमेकांकडे बघितलं आणि मागच्या गल्लीत वळले. त्यांच्यामागून तिसऱ्या बाकावरचं एक जोडपं वळलं. कोणी आपली माफी मागेल म्हणून माणसं लांबच्या वाटेनं जातात, हे मास्तरांनी जन्मात पहिल्यांदा बघितलं.

सेक्रेटरी मात्र आला. सात वाजायला दहा कमी असताना, सावकाश, सगळ्यांना दिसेल असा तिच्यासमोर उभा राहिला.

तिच्या मानेची शीर ताठ झाली. चेहरा तापलेल्या इस्त्रीसारखा झाला होता.

"माझं चुकलं," ती म्हणाली.

"क्षमा केली, सिस्टर," तो सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल इतक्या मायेनं म्हणाला. "हेच कागदावर लिहून द्या, विषय मिटला."

तिचा जबडा हलला. गर्दीतला प्रत्येक जण तिच्या तोंडाकडे बघत होता.

"लावा 'पण'," मास्तर मागून म्हणाले. "मी नियम सोडला. लावा, सिस्टर."

तिनं लावला नाही. पुन्हा म्हणाली, "माझं चुकलं," आणि त्याच्या डोळ्यांत बघत राहिली. त्यानं थोडा वेळ हसू धरून ठेवलं. मग घड्याळ बघितलं. मग खुर्चीतल्या बाबांकडे नजर गेली, तिथून स्वतःच्या बुटांकडे. त्याचं घर सरळ रस्त्यावर होतं. तो मागच्या गल्लीनं गेला.

सिस्टरनं श्वास सोडला आणि पायरीवरून बाबांकडे वळली.

"बाबा, माझं चुकलं."

"तुझं कशाला गं?"

"चार वर्षं विचारत बसले त्यांना. विचारायलाच नको होतं."

हे नियमाबाहेरचं होतं. मास्तरांनी ऐकलं आणि ते मशीनचं चाक पुसत राहिले.

बाबांचा एक पाय खुर्चीच्या पायपट्टीवरून घसरून लोंबत होता. तिनं वाकून तो उचलला, नीट ठेवला, आणि पुन्हा पायरीवर चढली. अजून चार मिनिटं होती. समोरून कोणी अनोळखी माणूस हातात पिशवी घेऊन येत होता. तिनं पदर सारखा केला आणि त्याच्यासाठी सरळ उभी राहिली.