मान वाकवणारं शेवाळ

शास्त्रात भावनेला थारा नाही, हे आमच्या रॉक्सबर्ग शेवाळ मंडळाच्या घटनेतलं पहिलं कलम. ते लिहिलं एल्स्पेथने, आणि दर हिवाळ्यात ते मनापासून मोडते तीही एल्स्पेथच.

एल्स्पेथ शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेली. ओटागोच्या या उजाड टेकड्यांवर कुठल्या कातळावर कुठलं शेवाळ आहे, हे ती गाडीत बसल्या बसल्या सांगते. तरी हिवाळी सहलीत ती एका ठरलेल्या कातळापाशी गुडघे टेकते, राखाडी, केसाळ उशीसारख्या पुंजक्याकडे बोट दाखवते आणि मंडळातल्याच डूगल टेटला विचारते, "हे हो कुठलं?"

याला कारण डूगलचं भिंग. ते आखूड दोरीने त्याच्या गळ्यात बांधलेलं असतं. हरवेल म्हणून तो ते काढत नाही. त्यातून बघायचं तर त्याच्या छातीशी डोकं न्यावं लागतं. शेवाळवाल्यांत याचं कुणाला काही वाटत नाही. एल्स्पेथला वाटतं. त्याच्या स्वेटरला ओल्या लोकरीचा वास येतो, आणि तो तिला पुढच्या हिवाळ्यापर्यंत पुरवायचा असतो.

"ग्रिमिया," डूगल न कंटाळता सांगतो. "ओलं झालं की दांडा वाकतो आणि टोकाचं बीजाणूंचं बोंड उशीत तोंड लपवतं. दिसलं?"

"नीटसं नाही," एल्स्पेथ म्हणते.

यंदा डूगल ब्रिस्बेनला मुलीकडे कायमचा निघाला होता. सहलीला जाताना गाडी चालवता चालवता एल्स्पेथची मैत्रीण नायरी म्हणाली, "एल्सी, आज तरी तोंड उघड गं. पुढच्या वर्षी काय माझ्या चष्म्यातून बघणारेस?"

"तू रस्ता बघ," एल्स्पेथ म्हणाली. पण तिने लिपस्टिक लावली होती.

कातळापाशी एल्स्पेथ आणि डूगल गुडघ्यांवर बसली. तिने भिंग डोळ्याला लावलं. डूगल खाकरला.

"जाण्याआधी एक सांगायचंय. बरेच दिवस मनात आहे."

थर्मास उघडता उघडता नायरी थांबली. मी खायला घेतलेला स्कोन-पाव तोंडापासून लांब धरला.

"सांगा ना," एल्स्पेथ म्हणाली. आवाज एवढासा.

"हे ग्रिमिया नाही. इतकी वर्षं मी तुम्हाला चुकीचं सांगत आलो. नवीन पुस्तकात बघितलं, हे दुसऱ्याच कुळातलं आहे."

ती नुसतं "बरं" म्हणू शकली असती. तशीच वाकून आणखी थोडा वेळ बघत राहता आलं असतं. प्रेमात माणूस काय काय गिळतो. चुकीचं नाव मात्र तिच्या घशाखाली उतरेना.

"काहीतरीच काय!" ती भिंगासकट ताडकन उठली, तसा डूगलही ओढला गेला. "त्या कुळात दांडा सरळ असतो. हा बघा, कसा हंसासारखा वाकलाय! आणि पानाच्या टोकाचा पांढरा केस बघा केवढा लांब. ग्रिमियाच आहे. पहिल्या वर्षीही होतं."

डूगलने दोरी सैल केली. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं? मग दर वर्षी विचारायचात कशाला?"

नायरीने माझा दंड घट्ट धरला. एल्स्पेथने डूगलकडे पाहिलं. मग ती शेवाळाकडे बघू लागली.

"खात्री करून घेत होते," ती म्हणाली.

डूगलने मान डोलावली. "ते बरोबर. खात्री केलेली बरी."

"शाबास," नायरी पुटपुटली आणि चहा ओतायला लागली.

गुरुवारी डूगल ब्रिस्बेनला गेला. विमान वेळेवर सुटलं.