दातांचं औषध

करुणा शेळगावच्या शाळेत शिक्षिका होती. तिची सासू साखरबाई तीस वर्षं मशेरी लावत होती. तंबाखू भाजल्याचा वास घरभर सुटला, की करुणा चिडायची. एकदा बारामतीत औषधाच्या दुकानात तिनं यावर काही मिळतं का, असं विचारलं.

दुकानदारानं एक ट्यूब पुढं केली. "हे दातांचं औषध. दिवसातनं दोनदा लावायचं. मशेरीची आठवणसुद्धा राहणार न्हाय."

आणि खरंच, साखरबाईंनी आठवड्यात मशेरी सोडली. करुणानं ही गोष्ट शाळेतल्या बायांना कौतुकानं सांगितली.

पुढं तिचीच दाढ ठणकू लागली, तेव्हा तिनंही ते हिरड्यांना लावलं. पहिल्या दिवशी गरगरलं, पण ठणका थांबला. दाढ बरी झाली तरी ट्यूब सुटली नाही. ती पर्समधून शाळेत जाऊ लागली. मधल्या सुट्टीत करुणा वर्गामागं जाऊन बोट फिरवायची.

ब्याण्णव साली दुकानदार म्हणाला, "बाई, माल बंद झाला. सरकारनं बंदी घातली."

दोन दिवसांत तिचं डोकं फुटायची वेळ आली. पाढा चुकला म्हणून तिनं छकुली नावाच्या दुसरीतल्या पोरीला इतक्या जोरात मारलं, की तिच्या गालावर पाचही बोटं उठली.

घरी येऊन तिनं रिकामी ट्यूब कात्रीनं उभी कापली आणि आतलं खरवडू लागली. तेव्हा कुठं तिनं बारीक इंग्रजी अक्षरं वाचली.

"आत्या, यात तंबाखू हाय!"

"मला पहिल्याच दिशी कळलं," साखरबाई म्हणाल्या. "तीस वर्सं तोंडात धरली, मला न्हाय कळणार?"

"मग बोलला का न्हाय?"

"तू मशेरीवरनं रोज घालून पाडून बोलायचीस. ते तरी थांबलं."

"पर मी लावाय लागले तवा?"

साखरबाईंनी मान फिरवली. "तवा सांगाय पायजे व्हतं."

करुणानं चार दिवस कसेबसे काढले. पाचव्या दिवशी ती इंदापूरला गेली. तिथं बाई म्हणून तिला कुणी ओळखत नव्हतं. तिनं तंबाखूचा पुडा घेतला आणि घरी येऊन सासूपुढं ठेवला.

"दोघींपुरती भाजा," ती म्हणाली.