पापण्या असलेली पाल

माझा मुलगा तय्यब घरात शिरताना सलाम करतो, पण जवाब ऐकायला थांबत नाही. दारात "सलाम आलेकुम, अम्मा" म्हणतो, एक बूट काढतो आणि दुसरा काढता काढता आतल्या खोलीत पोचतो. माझं "वालेकुम सलाम" त्याच्या पाठीवर आपटून खाली पडतं. कानाला मोबाईल असतोच. त्या मोबाईलमधल्या माणसाला "यस सर, शुअर सर" म्हणताना मात्र गडी ताठ उभा राहतो. त्याची बायको हलिमा त्याच्या वतीनं मला समजावते की दुबईहून शारजाला यायला दोन दोन तास लागतात, माणूस दमतो. मी म्हणते, दोन तास गाडीत बसूनच होता ना, मग आईपुढं दोन मिनिटं उभं राहिलं तर पाय मोडतात काय?

त्याचे अब्बा गेले तेव्हा त्यानंच मला गावाहून इथं आणलं. राजापूरच्या खाडीकाठचं आमचं घर. एके काळी बारा माणसं माझ्या हातचं जेवायची आणि मला विचारल्याशिवाय झाडावरचा नारळसुद्धा कुणी पाडत नसे. "तिथं एकटी कशी राहशील?" म्हणाला. म्हणून मी इथं शारजात, अल नहदा वस्तीत नवव्या मजल्यावर आले. सहाला तय्यब आणि हलिमा बाहेर पडतात, साडेसहाला नात झारा शाळेच्या बसमध्ये बसते, शाळेतून परस्पर क्लासला जाते, आणि मग रात्री आठपर्यंत मी, एसीचा आवाज आणि लिफ्टचा आवाज. लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली की मी दाराकडं बघते. कुणी येत नाही. समोरच्या फ्लॅटमधली मैमुनाबी तेवढी अधूनमधून डोकावते. ती दापोलीकडची, स्वभावानं बरी, पण गुडघ्यांशिवाय दुसरा विषय नाही.

मागच्या उन्हाळ्यात तय्यबनं झाराला पक्षी बाजारातून एक पाल आणून दिली. हो, पाल. ऐंशी दिरम मोजून, म्हणजे आपले हजार रुपये. पिवळी, अंगभर काळे ठिपके, शेपूट मुळ्यासारखी जाड. आमच्याकडं पाल दिसली की चप्पल उचलतात, मारली की सवाब, म्हणजे पुण्य, मिळतो असं मी आजीच्या तोंडून ऐकलंय, आणि या कामात मी कधी आळस केलेला नाही. झारा अकरा वर्षांची. तिनं मला इंग्रजीत शिकवलं, "दादी, ही इज नॉट अ पाल. ही इज अ लेपर्ड गेको." नाव ठेवलं मँगो. रत्नागिरीच्या बाईसमोर एका पालीला मँगो म्हणायचं, आणि बाईनं ऐकून घ्यायचं.

काचेची पेटी माझ्याच खोलीत ठेवली, कारण दुसरीकडं जागा नव्हती. तिच्या खाण्याच्या अळ्या कोंड्यात घालून फ्रिजमध्ये, माझ्या पिठाच्या डब्याशेजारी. दोन महिने झारा तिच्यासमोर मांडी घालून बसायची. मग घरात इंटरनेट आलं. पेटीकडं बघणारी एकटी मी उरले, तेही पलंग समोरच होता म्हणून.

बघता बघता एक गोष्ट ध्यानात आली. आमच्या गावच्या पालींना पापण्या नसतात. त्या मरेपर्यंत टक लावून बघतात, म्हणून तर त्यांच्यावर चप्पल उचलायला काही वाटत नाही. ही मात्र डोळे मिटायची. दुपारी जोहरची नमाज पढून मी आडवी झाले की तीही दगडावर हनुवटी टेकून सावकाश डोळे मिटायची. घरात माझ्यासोबत झोपणारं तेवढंच एक.

डिसेंबरात ती खायची थांबली. मग चालणं बिघडलं. पुढचे पाय बाहेरच्या बाजूला वाकले, पोट जमिनीवर घासायला लागलं, आणि अळी समोर ठेवली तर जबडा उघडे पण चावता येईना, जबडा मेणासारखा मऊ. हलिमा म्हणाली, काहीतरी इन्फेक्शन असेल. तय्यबनं दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, दुबईत जनावरांचा डॉक्टर आहे, तपासायचेच दोनशे दिरम. तय्यबनं तिथल्या तिथं हिशोब केला, अडीच हजार रुपये, ऐंशीच्या जनावराला. मग माझ्या खोलीच्या दारात उभा राहून म्हणाला, "जुम्म्यापर्यंत बघू. नाहीतर मागच्या वाळूत सोडून देऊ तिला. तडफडत तरी मरणार नाही."

जुम्मा, म्हणजे शुक्रवार, आठ दिवसांवर होता.

मला त्या पालीचं दुखणं ओळखीचं होतं. तो मुडदूस होता, हाडं मऊ पडायचा आजार. दुसरी यत्ता शिकलेल्या बाईला कुणी इन्फेक्शन सांगेल तर सांगू दे, पण मुडदूस मी हाताळलेला आहे. तय्यब दीड वर्षाचा होता तेव्हा त्याचे पाय असेच धनुष्यासारखे वाकले होते. बोट धरून उभा केला की खाली बसायचा. सासूबाई म्हणाल्या, हे पोर काही उठत नाही, पुढच्या पोराची तयारी कर. मी पुढच्याची तयारी केली नाही. रोज सकाळी त्याला उघडा करून मांडीवर उन्हात घेऊन बसले, आणि गुटी उगाळताना तिच्यात माकलीचं हाड उगाळलं. माकूल, ती समुद्रातली मऊ मासळी, साफ करताना तिच्या पाठीतून जे पांढरं, हलकं, खडूसारखं हाड निघतं, ते. भरतीनंतर आमच्या किनाऱ्यावर पडलेलंही असायचं. तेरा महिने उगाळलं. तय्यबला यातलं काही माहीत नाही. त्यानं कधी विचारलं नाही, आणि न विचारलेलं सांगत फिरायची मला सवय नाही.

हलिमाला मासळी बाजारातून माकूल आणायला लावली. तिला वाटलं, अम्माला कालवण खायचंय. खूश होऊन दोन किलो घेऊन आली. मी कालवणही केलं आणि हाडंही धुऊन गॅलरीत वाळवली. झाराची गुटी उगाळलेली सहाण माझ्या ट्रंकेत होती. ती काढली. हाड चार वेढे उगाळायचं, वर पाण्याचे दोन थेंब, आणि करंगळीच्या टोकावर घ्यायचं.

आता पालीच्या तोंडाला हात लावायचा होता. साठ वर्षं चप्पल उचलणारा हात. बिस्मिल्ला म्हणून पेटीत घातला. थेंब तिच्या नाकपुडीवर ठेवला. ती हलली नाही. मी म्हटलं, आजीनं मारायचं सांगितलंय ते एका घावात, उपाशी ठेवून मारायचं कुणी सांगितलेलं नाही, तेव्हा मुकाट्यानं चाट. थोड्या वेळानं एक गुलाबी जीभ बाहेर आली आणि थेंब घेऊन आत गेली. मग तिनं डोळे मिटले. तय्यबही गुटी चाटून असेच डोळे मिटायचा.

सकाळी साडेसहाला झारा गेली की मी पेटी ओढत ओढत गॅलरीत न्यायचे. थंडीचं कोवळं ऊन तासभर यायचं. खोलीतला एसी बंद ठेवला, गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून पेटीखाली सरकवली. दिवसातून चार वेळा करंगळी. तिसऱ्या दिवसापासून अळीतलं मऊ तेवढं पिळून त्यात हाड कालवलं. ते मी कोणत्या बोटांनी केलं आणि नंतर हात किती वेळा धुतले ते विचारू नका. काम करताना मी तिच्याशी बोलायचे. गावची मशीद, आमचा आंबा, कुणाचं लग्न कुणाशी ठरता ठरता मोडलं, सगळं. वर्षभरात माझं इतकं बोलणं कुणी ऐकून घेतलं नव्हतं.

बुधवारी दुपारी मी करंगळी तिच्यापासून वीतभर लांब धरली. तिनं मान उचलली. मग पुढचे पाय रोवले, पोट जमिनीवरून वर आलं, आणि पाल दोन पावलं चालली. दोनच. मग बसली. मी एकटीच खोलीत होते, कुणाला हाक मारणार? लिफ्ट वर आली, आणि दुसऱ्याच मजल्यावर थांबली.

त्या दिवशी तय्यब यायच्या आधीच मी दाराशी स्टूल टाकून बसले. किल्ली फिरली. "सलाम आलेकुम, अम्मा." मी म्हटलं, "वालेकुम सलाम. ऐक, आज ती पाल..." त्यानं मोबाईलवर हात ठेवून मला बोट दाखवलं, एक मिनिट म्हणून, आणि आत गेला. मी स्टुलावर बसून राहिले. ते मिनिट काही परत आलं नाही. मागोमाग जाऊन सांगता आलं असतं. पण मी एक गोष्ट एकदाच सांगते, दारादारात फिरून नाही. गुरुवारीही बोलले नाही. म्हटलं, डोळे आहेत ना त्याला, बघेल की. हा माझा ताठा, तो मी लपवत नाही.

जुम्म्याला जेवणं आटोपल्यावर मैमुनाबीकडं कुराणखानी होती. कुराण वाचायला बायका जमल्या होत्या, उठवेना. उन्हं कलली, असरची अजान झाली तेव्हा घरी आले. खोलीत गेले तर पेटीची जागा मोकळी. गॅलरीत पाहिलं. पेटी धुऊन, पालथी घालून, वाळत ठेवली होती. माझी सहाणही धुतलेली.

झारा कॉम्प्युटरपुढं होती. मान न वळवता म्हणाली, "डॅडी सेज ही इज फ्री नाऊ." पण तिचं नाक लाल होतं.

तय्यब सोफ्यावर होता. मी विचारलं, कुठं सोडलीस? म्हणाला, बिल्डिंगमागच्या वाळूत, तू मैमुनाबीकडं गेल्या गेल्या. वाळूतलंच जनावर आहे, अम्मा, आपल्या मुलखात गेलं, आता कुठल्या कुठं गेलं असेल. वाळूतलं जनावर! आणली तेव्हा दुकानदाराचं ऐकून त्यानंच मला सांगितलं होतं की ही पाकिस्तानातल्या डोंगराकडची जात आहे. तिनं शारजाची वाळू काचेतूनसुद्धा नीट बघितली नव्हती.

मी ओढणी घेतली, चपला घातल्या आणि म्हटलं, चल, जागा दाखव. तो म्हणाला, आता काय मिळणार, खलास. मी लिफ्टचं बटण दाबून उभी राहिले. आला मागोमाग.

बिल्डिंगमागं मोकळा प्लॉट होता. बांधकामाच्या फळ्या, फाटकी प्लॅस्टिकं, आणि पलीकडं दुबईच्या रस्त्यावर उभ्या गाड्यांची रांग. ऊन उतरलं होतं आणि वारा गार सुटला होता. तय्यब लांबवर हात करून दाखवायला लागला, तिकडं गेली असेल, त्या झुडपांकडं. मी म्हटलं, लांबचं सांगू नकोस, नेमकी ठेवलीस कुठं ते दाखव. त्यानं एका सिमेंटच्या ब्लॉककडं बोट केलं. खोक्यातून तिथं ओतली होती.

ती तिथंच होती. ब्लॉकच्या बुडाशी, जिथं ठेवली तिथं, चारी पाय पसरून. भोवती वाळूत दोन पावलांची खूण होती, तिसऱ्याची नव्हती. बुधवारी जमलं तेवढंच तिनं इथंही केलं होतं. अंगावर वाळू बसली होती, डोळे मिटलेले. मी खाली बसले, माझ्या गुडघ्यांचा आवाज त्यालाही ऐकू गेला असेल. तिला ओढणीच्या पदरात घेतलं. बर्फासारखी गार. तळहाताची ऊब दिली, करंगळी माझ्या तोंडात ओली करून तिच्या नाकावर टेकवली. करंगळीवर हाड नव्हतं, नुसती माझी थुंकी. बराच वेळ काही नाही. मग एक पापणी अर्धी उघडली, जीभ बाहेर आली, बोट चाटून आत गेली.

तय्यबच्या खिशात मोबाईल वाजायला लागला. त्यानं हात घातला, माझ्याकडं पाहिलं, आणि तसाच उभा राहिला. वाजून वाजून तो थांबला. तय्यब हळूच म्हणाला, "मला वाटलं, जाईल कुठंतरी. म्हणून सोडली, अम्मा."

मी उठले. त्यानं पुढं केलेला हात धरला नाही, ब्लॉकला धरून उठले.

"ज्याला चालता येत नाही त्याला सोडत नाहीत, तय्यब. टाकतात," मी म्हटलं. "दीड वर्षाचा होतास तेव्हा तुझेही पाय असेच होते. हेच हाड उगाळून तुला चाटवलं, आणि उठशील तेव्हा उठ म्हणून तेरा महिने तुझ्याजवळ उन्हात बसले. तुझे पाय मी बरे केले. तुला थांबायला शिकवायचं राहिलं, ती चूक माझी."