आधी दार लावायचं

"ससाणा कुठाय?"

डॉक्टरांच्या हातात पिंजऱ्यावरचं काळं फडकं होतं आणि पिंजरा रिकामा होता.

पलीकडे पाण्याच्या वाट्या विसळत बसलेल्या नव्या माणसाने मान वर केली. औषधांच्या कपाटाशी उभ्या असलेल्या ताई धावत आल्या. फाटकावरचे काका तर कुणी न बोलावताच हजर झाले. वाईट बातमीला या संस्थेत निरोप्या लागत नसे. आणि मग सगळ्यांनी मिळून एक गोष्ट केली, जी कुणी कुणाला सांगितली नव्हती. रिकाम्या पिंजऱ्यावरून नजर काढून सगळे नव्याकडे बघायला लागले.

नव्याला इथे येऊन वर्ष उलटलं होतं, तरी सगळ्यांसाठी त्याचं नाव 'नवा'च राहिलं होतं. जखमी पक्षी बरे करून सोडायचे हे संस्थेचं काम, आणि पक्षी जाळ्यात धरून विकायचे हा नव्याच्या घरचा पिढीजात धंदा. वडिलांनी तो सोडला होता. चुलत्याने मात्र नाही, असं लोक म्हणत. 'संस्था सगळ्यांची झाली पाहिजे' असं वरून आलं तेव्हा एक शिबिर झालं, सगळ्यांनी गोल बसून लोकरीचा गुंडा एकमेकांकडे फेकला, भिंतीवर हसऱ्या चेहऱ्यांचं एक मोठं चित्र लागलं आणि जो तो आपल्या कामाला लागला. ताईंनी मात्र ते सगळं मनावर घेतलं. पक्ष्यांच्या विभागात आलेल्या त्या पहिल्या बाई. शिकारी पक्षी बायकांच्या हाती द्यायचे नाहीत म्हणून कितीतरी दिवस त्यांना नुसती फडकी धुवायला लावली होती. त्यामुळे दाराबाहेर उभं राहणं म्हणजे काय असतं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. समितीशी भांडभांड भांडून त्यांनी नव्याला आणलं. लेकीचा बाप असलेला, तोंडातून शब्द न काढणारा माणूस. आज दुपारी समिती बसणार होती आणि नव्याला कायम करायचं की नाही, ते ठरणार होतं.

"ताई, जरा बाहेर येता?" डॉक्टर म्हणाले.

अंगणात आल्यावर त्यांनी आवाज खाली आणला. "मी कुणाचं नाव घेत नाहीये हं."

"मग बाहेर कशाला बोलावलंत?"

"अहो, ससाणा आहे तो! चिमणी असती तर गोष्ट वेगळी. अशा पक्ष्याला गिऱ्हाईक टपून बसलेलं असतं. पंख अजून जुळायचाय त्याचा. गेला तर मेला म्हणून समजा. आणि त्याचा चुलता परवाच आपल्या फाटकाशी आला होता, काकांनी बघितलंय."

"पुतण्याला भेटायला आला असेल."

"असेल की! मी कुठे नाही म्हणतोय? पण दुपारी समितीसमोर काय सांगणार तुम्ही? चौकशीसुद्धा केली नाही म्हणून?"

डॉक्टर माणूस वाईट नव्हता. रात्रंदिवस पक्ष्यांसाठी राबायचा. पण त्याच्या बोलण्याने क्षणभर ताईंच्याही मनात आलं, की नेला असेल तर? आणि तेवढ्यात त्यांना एक तोड सुचली. चांगली तोड सुचल्याचं समाधानही वाटलं.

"सगळ्यांच्या पिशव्या बघू. आधी माझी. नियम सगळ्यांना सारखा."

अंगणातल्या टेबलावर पिशव्या आल्या. ताईंच्या पर्समधून चष्म्याचं घर, कंगवा आणि गुडघेदुखीच्या गोळ्या निघाल्या. काकांच्या पिशवीत तपकिरीची डबी सापडली. डॉक्टरांनी ती उंच धरून दाखवली.

"सोडली होती ना, काका?"

"सोडलीच आहे. नुसती जवळ ठेवतो. धीर येतो."

सगळे हसले. मग नव्याने आपली पिशवी ठेवली आणि हसणं थांबलं. काकांची पिशवी वरवर चाचपून झाली होती. नव्याची मात्र डॉक्टरांनी तळापर्यंत उपसली. डबा, टॉवेल, लेकीची अंगठा तुटलेली चप्पल. आणि खाली कागदात गुंडाळलेला कोराकरकरीत शर्ट, टाचण्यासुद्धा न काढलेला. डॉक्टरांनी तो उलगडला, झटकला. एक टाचणी फरशीवर पडली. ससाणा काही शर्टाच्या बाहीत मावत नाही, हे डॉक्टरांना चांगलं ठाऊक होतं, पण सुरू झालेला हात थांबला नाही.

"एवढा नवा शर्ट कशाला रे?" काकांनी विचारलं.

"दुपारी समितीपुढे बोलावलंय ना," नवा म्हणाला. "बायको म्हणाली, घाल."

ताईंना वाटलं, आपल्याला कुणी उभं चिरलंय. त्या वळल्या आणि पक्ष्यांच्या खोलीकडे गेल्या. खोलीचं दार सताड उघडं होतं.

ते बघून त्या जागीच थबकल्या. इथे कामाला येणाऱ्या प्रत्येकाला त्या पहिल्या दिवशी एकच धडा देत. पक्षी सुटला, की आधी दार लावायचं, अंधार करायचा आणि गप्प बसायचं. अंधारात पक्षी उडत नाही, आणि आपण गप्प बसलो की तो कुठे आहे ते तोच सांगतो. आजवर किती पक्षी सुटले, पण हे करायला कुणी विसरलं नव्हतं. आज सगळेच विसरले. खुद्द ताईसुद्धा विसरल्या. कारण आज पक्षी सुटलाय असं कुणाला वाटलंच नव्हतं. तो चोरीला गेलाय हे आधीच ठरून गेलं होतं.

त्यांनी दार लावलं. खिडकीची झापं ओढली, दिवा घालवला आणि त्या जमिनीवर बसल्या. बाहेरून डॉक्टरांचा आवाज येत होता. आत काहीच हालचाल नव्हती. ताईंचा जीव टांगणीला लागला. मग फडताळाखालून, लाकडी खोक्यांच्या मागून, पत्र्यावर नख घासल्यासारखं काहीतरी वाजलं. थांबलं. पुन्हा वाजलं.

ससाणा तिथे अंग चोरून बसला होता. दोन पावलांवर दार उघडं होतं आणि तो गेला नव्हता, एवढंच नशीब.

ताईंच्या हाकेवर सगळे आत आले. "अरे देवा," पिंजऱ्याची कडी बघून डॉक्टर म्हणाले. "सकाळी समितीसाठी फोटो काढला मी. कडी राहिली वाटतं." त्यांचा चेहरा पडला. मग ते नव्याकडे वळले. "तू मनाला लावून घेऊ नकोस हं. सगळ्यांच्याच बघितल्या ना आपण?"

"हो ना," नवा म्हणाला. तो शर्टाची घडी घालत होता, पण आता ती पहिल्यासारखी बसत नव्हती.

सगळे पांगल्यावर ताई त्याच्याजवळ गेल्या. "चुकलं रे माझं."

"तुमचं काय चुकलं, ताई? तुमची पण बघितली की."

"तुझी बघता यावी म्हणूनच माझी बघितली, हे तुला कळत नाही का?"

नव्याने पिशवी खांद्याला लावली. "कळतं म्हणून तर काही बोललो नाही," तो म्हणाला.

दुपारी तो समितीपुढे कामाच्याच कपड्यांत गेला. ताईंनी सकाळचा प्रकार काही न लपवता सांगितला. अध्यक्षबाईंनी ऐकून घेतलं आणि त्या म्हणाल्या, "पण सर्वांच्याच पिशव्या पाहिल्यात ना? मग झालं तर. हेच हवंय आपल्याला." नव्याला कायम केलं. टाळ्या झाल्या. त्याने मान लववली.

दुसऱ्या दिवशी पक्ष्यांच्या खोलीतलं काम आटोपून नवा बाहेर आला, काकांसमोर थांबला आणि त्याने दोन्ही तळहात उघडून दाखवले. मग उलटे करूनही दाखवले.

"काय रे हे?" काका हसले.

"काही नाही. बघून ठेवा."

मग ते रोजचंच झालं. जो समोर असेल त्याला तो हात दाखवायचा, त्यात ना राग, ना टोमणा. काकांचं हसणं दोन दिवसांत बंद झालं. डॉक्टर एकदा अजिजीने म्हणाले, "पुरे कर रे आता, बाबा." तो "बरं" म्हणाला आणि संध्याकाळी पुन्हा त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. ताई तो यायच्या वेळेला मुद्दाम दुसरीकडे काम काढायला लागल्या.

पंख जुळला. ससाण्याला सोडायच्या दिवशी सगळे माळावर जमले. ताईंनी पक्षी नव्याच्या हाती दिला. त्याने तो छातीशी धरला, वाऱ्याचा अंदाज घेतला आणि हात वर करून सोडून दिला. ससाणा एकदा खाली झुकला, सावरला आणि झाडांच्या शेंड्यांवरून पार गेला. सगळ्यांच्या माना वर होत्या. डॉक्टर तर लहान मुलासारखे ओरडत होते.

नव्याने कातड्याचे हातमोजे काढून काखेत धरले. तो ताईंकडे वळला आणि त्याने दोन्ही हात त्यांच्यापुढे उघडले.

ताईंनी ते बघितले आणि मान हलवली. दुसरं काय करणार होत्या?