हरिबांनी न विकलेला शेअर

मी एक जुना फळा आहे. शाळेतला नव्हे, हे आधीच सांगतो, नाहीतर तुम्ही मला पाढे विचारायला लागाल. मित्रांनो, माझ्यावर शेअरचे भाव लिहिले जायचे.

शिरूरच्या एका सुताराने मला घडवलं आणि मारुतरावांनी बाजारपेठेतल्या आपल्या छोट्या ऑफिसात टांगलं. ते लोकांना शेअर घेऊन द्यायचे, विकून द्यायचे. पुण्याहून फोन आला की रिसीव्हर मानेत दाबून माझ्यावर खडू चालवायचे. ते १९९९ साल होतं. भाव चढत होते. कारखान्यातले कामगार, मास्तर, कांद्याचे व्यापारी माझ्याकडे डोळे लावून बसायचे. चहा न सांगता यायचा. मी चांगलाच फुशारलो होतो. जणू भाव मीच चढवत होतो.

त्या गर्दीत निमोण्याचे हरिबा असायचे. पूर्वी ते मेंढरं राखायचे. पुढे शेतीत स्थिरावले, तेव्हा त्यांनी कळप विकला आणि ते पैसे दोन कंपन्यांच्या शेअरमध्ये घातले. एक कंपनी सिमेंटची, दुसरी कॉम्प्युटरची. नात हर्षदाला नर्स व्हायचं होतं, तिच्या शिक्षणासाठी ही सगळी तजवीज होती.

पुढच्या वर्षी बाजार पडायला लागला आणि पडतच राहिला. 'एवढा महिना जाऊ द्या' म्हणणारी माणसं 'आता यात काही राम नाही' म्हणू लागली. निराशा पडशासारखी एकाची दुसऱ्याला लागते. माणसं येईनाशी झाली, चहावाल्यानेही वाट बदलली. मला फार वाईट वाटायचं. हरिबा मात्र यायचे.

हर्षदाच्या पहिल्या वर्षाची फी भरायची वेळ आली. सिमेंट थोडं उतरलं होतं, कॉम्प्युटरवाल्याने मात्र पार मान टाकली होती.

"आबा, कॉम्प्युटरवाला काढून टाका. मिळंल ते घ्या. सिमेंट राहू द्या," मारुतराव म्हणाले.

"न्हाई मारुतराव. आजारी मेंढरू आमी बाजारात न्हेत न्हाई. घेणाऱ्याला फसवल्यावानी हुतं. त्याला खांद्यावर घ्यायचं, बरं करायचं. चांगलं हाय ते इका."

"आन् बरं न्हाई झालं तर?"

"हुतंय. येळ लागतो."

आयुष्यभर त्यांनी असंच केलं होतं, आणि मेंढरं बरीही झाली होती. पण शेअर म्हणजे मेंढरू नव्हे, हे त्यांना कसं पटावं? मारुतरावांनी समजावून पाहिलं. मला तर तोंडच नाही. सिमेंट विकलं गेलं आणि ते पैसे पहिल्या वर्षाच्या फीतच संपले. त्यानंतर हरिबा आठवड्याच्या बाजाराला आले की माझ्यासमोर उभे राहून विचारायचे, "आज कसं हाय त्येचं?"

त्याचं काही बरं नव्हतं. दुसऱ्या वर्षाची फी आली तेव्हा ते हर्षदाला घेऊनच आले.

"आबा, त्याला आता घेणाराच न्हाई," मारुतराव हळू आवाजात म्हणाले. "कंपनीला टाळं लागलंय."

हरिबा बाकावर बसले. "म्या लई जपलं त्याला."

हर्षदा आतापर्यंत गप्प होती. ती म्हणाली, "आबा, तो कागद हाय. तुम्ही जपलं ते त्याला कळलंच न्हाई. मला कळलं असतं."

 मारुतरावांनी फडकं घेऊन माझ्यावरची कॉम्प्युटरवाल्याची ओळ पुसली.

हर्षदाने कॉलेज सोडलं आणि ती शिक्रापूरच्या एका कारखान्यात औषधाच्या बाटल्यांना लेबलं लावायला लागली. पुढे बाजार उठला, सिमेंटही चांगलं वर गेलं. पण तोवर मारुतरावांचं ऑफिस बंद झालं होतं आणि मी दौंडच्या एका खानावळीत आलो होतो. आता माझ्यावर रोजच्या भाज्या लिहितात. तेलकट हातांचे डाग पडलेत, ते कुणी पुसत नाही. त्याची माझी तक्रार नाही.

मित्रांनो, माया जरूर करा. पडलेल्याला खांद्यावरही घ्या. पण ज्याला तुमचा खांदा कळतो, असं एखादं माणूस घरातच गप्प उभं असेल. त्याला आधी विचारा. हरिबांनी हर्षदाला विचारलं असतं, तर त्या बाटल्यांतलं औषध तिने आज रोग्यांना पाजलं असतं.