ओडिलीच्या ओट्यावर दोन पिशव्या

एव्हेलियोला पुरून आम्ही परतलो, त्याच दुपारी त्याची बहीण सोराइदा सान होसेहून टॅक्सी करून आली. बरोबर मुलगा ग्रेविन होता, आणि काखेत कॉफी गाळायची लाकडी घोडी. बॅगा मुलाने उचलल्या. घोडी तिने त्याच्या हाती दिली नाही.

एव्हेलियोच्या घरात ओडिलीच्या ओट्यावर तिची स्वतःची घोडी होतीच. सोराइदाने ती भिंतीकडे सरकवली, आपली पुढे ठेवली, आणि तारेच्या कड्यात गाळायची नवी कोरी पांढरी पिशवी अडकवली. ओडिलीची पिशवी जुन्या चामड्याच्या रंगाची होती. चव टिकावी म्हणून तिला साबण कधी शिवला नव्हता.

"वन्सं, हे कशाला आणलंत?" ओडिलीने विचारलं.

"वन्सं म्हणू नका. लग्न कधी झालं होतं तुमचं?"

झालं नव्हतं. ओडिली आणि एव्हेलियो बावीस वर्षं एकत्र राहिली. आमच्या डोंगरात पाद्री महिन्यातून एकदा येतो आणि नेमक्या त्याच रविवारी एव्हेलियोला कॉफीची झाडं छाटायची असत. घर त्याच्या नावावर होतं. कोस्टा रिकाचा कायदा अशा बाईलाही घर देतो, पण ती खरोखर घरची बाई होती, हे शेजाऱ्यांनी कोर्टात सांगावं लागतं. ग्रेविन एका वकिलाकडे कामाला होता, त्यामुळे त्याला हे पाठ होतं. आणि घरची बाई कोण, हे आमच्याकडे एकाच गोष्टीवरून ठरतं. आलेल्याला कॉफी कोण गाळून देतं, त्यावरून. म्हणून ती घोडी.

माणूस गेला की नऊ दिवस दुपारी घरात जपमाळ होते आणि जपमाळेनंतर कॉफी. पहिल्या दिवशी बेलार्मिनोकाकांनी प्रार्थना संपवली, तर स्वयंपाकघरातून दोघी बाहेर आल्या. एकीच्या हातात एक कप, दुसरीच्या हातात दुसरा. पुढे आलेली कॉफी नाकारणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर थुंकणं. काका आमच्या गावात धर्माचे जाणकार मानले जातात. त्यांनी दोन्ही कप घेतले. त्यांचं पाहून मी घेतले, माझं पाहून बाकीच्यांनी.

सोराइदाच्या कॉफीला नव्या बनियनचा वास होता.

"कशी झालीय?" तिने मला विचारलं.

"वेगळी आहे," मी म्हणालो.

असं रोज. तीन-चार दिवसांत गावाची झोप उडाली. ओल्मान खाटीक आणि न्हावी यांचं एका कुत्र्यावरून वाजलं, आणि ते कुत्रं दोघांचंही नव्हतं. माझी बायको निदिया म्हणाली, "तुम्ही सगळे पुरुष भित्रे."

"तूही दोन घेतेस."

"मी एक खिडकीतून ओतते. भित्रेपणातसुद्धा काही रीत असते."

एरवी ओडिली कॉफीवर थोडंसं पाणी टाकून थांबायची, कॉफी फुगू द्यायची, मग बाकीचं सावकाश ओतायची. त्या आठवड्यात ती भांडणात ओततात तसं पाणी ओतत होती. कॉफी कडू होत होती. आम्ही तीही प्यायलो.

शेवटच्या दिवशी घर भरून गेलं. जपमाळ संपली तशी ओडिली उठली, तर स्वयंपाकघराच्या दारात सोराइदा कप घेऊन आडवी उभी.

"तुम्ही बसा. तुम्ही पाहुण्या. घ्या, आमच्याकडची कॉफी."

हे ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. ग्रेविन टाय लावून कोपऱ्यात उभा होता आणि आमचे चेहरे पाहत होता. कप घेतला तर ओडिली स्वतःच्याच घरात पाहुणी. नाकारला तर सगळ्या गावासमोर उद्धट. तिच्या मानेवर लाल चट्टे उठलेले मला दिसले.

तिने कप घेतला. घरातल्या सगळ्यात चांगल्या खुर्चीवर बसली आणि एक घोट घेतला.

"साखर हवी होती," ती म्हणाली.

सोराइदा आत गेली. डबे उघडल्याचे, आपटल्याचे आवाज आले. "साखर कुठेय?"

"पाहुणीला काय ठाऊक?" ओडिली म्हणाली.

"रेडिओच्या मागे," ओल्मानने ओरडून सांगितलं. "मुंग्या लागतात, म्हणून ओडिली तिथे ठेवते."

साखर आली. मग पाहुणीला भाकरीबरोबर साय हवी झाली.

"खिडकीत, ओल्या फडक्याखाली," न्हाव्याची बायको म्हणाली. "ओडिलीची साय तिथेच असते."

मग पाहुणीला हे कप साधे वाटले. निदियाने सांगितलं, "चांगले पलंगाखालच्या पेटीत. ओडिली बारशाला काढते." तेवढ्यात चूल धुमसली आणि घरभर धूर झाला.

"धुराड्याची झडप डावीकडे ढकला, बाई," खुद्द बेलार्मिनोकाका खोकत म्हणाले. "ओडिली गुडघ्याने ढकलते."

शौर्य गाजवायचं कुणाच्याच मनात नव्हतं. आम्ही आपले चुकलेल्याला वाट सांगावी तसं सांगत होतो. हे काय चाललंय ते ग्रेविनच्या सगळ्यांआधी लक्षात आलं.

"आई, पुरे. काही विचारू नकोस."

"अरे, पण चमचे कुठे आहेत?"

सात-आठ जणांनी एकदम सांगितलं.

"हे सगळे कोर्टातही असंच सांगतील," ग्रेविन म्हणाला. त्याने टाय सैल केला, आत जाऊन आईची घोडी उचलली आणि टॅक्सीला फोन लावला.

"माझ्या भावाचं घर गिळलंत तुम्ही," सोराइदा म्हणाली.

"वन्सं, टॅक्सी येईपर्यंत उन्हात उभ्या राहू नका," ओडिली म्हणाली. कॉफी पिऊन जा, असं ती म्हणाली नाही. हे न म्हणता कुणी कुणाला वाटेला लावलेलं मी आमच्या गावात तोवर पाहिलं नव्हतं.

टॅक्सी गेली. आम्ही एकमेकांकडे पाहून हसायला लागलो. प्रत्येकाला आपण काहीतरी केल्यासारखं वाटत होतं.

"देवाने न्याय केला," बेलार्मिनोकाका म्हणाले.

"देव तिचा कप घेत नव्हता, काका. तुम्ही घेत होतात," ओडिली म्हणाली.

हसणं थांबलं.

"माझ्या घरात बसून, माझ्या डोळ्यांदेखत रोज घेत होतात. सगळेच. उद्या तिने मला रस्त्यावर काढलं असतं, तरी तुम्ही कप धरून रांगेत उभे राहिला असतात. 'मला हिच्या हातची पुरे,' एवढं एकालाही म्हणता आलं नाही?"

आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

तिने ओट्याकडे बोट दाखवलं. दुपारचे कप तिथे ढिगाने पडले होते.

"धुवा."

काकांनी जपमाळ खिशात टाकली आणि बाह्या दुमडल्या. त्यांनी धुतले, मी पुसले. न्हावी आणि ओल्मान ते फळीवर आणि पेटीत रचत होते, आणि कुठला कप कुठे, हे दोघे एकमेकांना हळू आवाजात विचारत होते. ओडिलीने आमच्याकडे पाठ केली, एकच कप गाळला आणि तो स्वतः प्यायली.